कुलरवाल्याची होडी

नागपुरात वर्षाचे दोनच भाग असतात, कुलरचा आणि बिनकुलरचा. गिरिधर वाढई पहिल्या भागात सगळ्यांना हवा असायचा आणि दुसऱ्या भागात कोणाच्याच लक्षात नसायचा. होळी पेटली की धरमपेठेतल्या बंगल्यांतून त्याला बोलावणी यायला लागत. 'मिस्त्री, आधी आमच्याकडे,' असं म्हणणारी माणसं जून संपला की त्याच्या अंगावरून सायकल नेत आणि घंटीसुद्धा वाजवत नसत. गिरिधरला त्याचा राग येत नसे. उकाड्यापुरतीच ओळख ठेवायची ही इथली पद्धत आहे, आणि तो इथेच जन्मला होता.

त्याचा बाप वाळ्याच्या ताट्या करायचा. त्या साहेबलोकांच्या दाराखिडक्यांवर टांगायच्या आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत बसायचं. पुढे पंखे आले, छोटे पंप आले, आणि गिरिधरने लाकडी खोकी करायला घेतली: तीन बाजूंना ताट्या, चौथीला पंखा, खाली पाण्याचा पत्र्याचा ट्रे. असे कुलर करणारे शहरात पुष्कळ होते. गिरिधरचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं, की त्याचा ट्रे गळत नाही. ट्रेला आतून गरम डांबर, खालच्या कोपऱ्यात पाणी सोडायला एक भोक, आणि त्या भोकात आतून ठोकलेलं, चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच. "पानी जितकं जास्त, तितकं बूच घट्ट," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा सांगायचा. मग ट्रे काठोकाठ भरायचा, खाली जुना पेपर पसरायचा, आणि संध्याकाळी पेपर कोरडा निघाला की माल द्यायचा. त्याच्या धंद्याची परीक्षा एवढीच होती आणि तो तिच्यात कधी नापास झाला नव्हता.

त्याची बायको देवकी साखरझरीची. कळमेश्वरच्या पलीकडे चार कोसांवर एका नाल्याकाठी ते गाव होतं. चोपन्न साली ती लग्न होऊन नागपुरात आली. त्या गावाची एक रीत होती. अकितीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, पितरांसाठी नवी मातीची घागर भरून ठेवायची, ती गावच्या विहिरीच्या पाण्याने आणि माहेरी आलेल्या लेकीच्या हाताने. लेक आली नाही तर सून भरायची, चालायचं, पण मग म्हातारी माणसं जेवताना सारखी दाराकडे पाहायची.

आता अकिती येते ऐन उन्हाळ्यात. वरून तो मुहूर्ताचा दिवस. त्या दिवशी नागपुरात जितकी लग्नं लागतात तितकी वर्षभरात लागत नसतील, आणि प्रत्येक मांडवाला कुलर पाहिजे. कुलरच्या ताट्या भरायचं काम देवकीचं होतं. वाळा भिजवायचा, झाडायचा, बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत सारखा दाबायचा आणि सुतळीने शिवायचा. तिच्यासारखी ताटी आख्ख्या शहरात कोणाला भरता येत नाही, असं गिरिधर अभिमानाने सांगायचा. या अभिमानापायी ती बाई तेवीस वर्षं अकितीला माहेरी गेली नाही.

दरवर्षी तिचा भाऊ गोविंदा न्यायला यायचा. गिरिधर त्याला जेवू घालायचा, पान द्यायचा आणि म्हणायचा, "पुढच्या साली नक्की धाडतो." गोविंदा एकटाच मोटारस्टँडवर जायचा. त्रेसष्ट साली देवकीचे वडील गेले. एकोणसत्तर साली आई गेली, ती अकितीच्या तिसऱ्या दिवशी. निरोप आला तेव्हा देवकी एका लग्नाच्या कुलरची ताटी शिवत होती. तिने हातातला टाका पुरा केला, सुतळी दाताने तोडली आणि मग रडली. गिरिधर तिथेच उभा होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती नंतर कधी गेली नाही. पण लाज वाटणं वेगळं आणि मे महिन्यात दुकान बंद ठेवणं वेगळं. सत्तरची अकिती आली, एकाहत्तरची आली, त्याही तशाच गेल्या.

पंचाहत्तर साली नाल्यावर धरण झालं आणि साखरझरी पाण्याखाली गेली. गावकऱ्यांना वरच्या माळावर आखून दिलेल्या रांगांत घरं मिळाली. गावामागची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. तिच्यावर मातामायचं ठाणं होतं आणि एक मोहाचं झाड. देवकी त्यावर एकदाच बोलली. "लोकायचं माहेर दूर असते," ती वाळा झाडता झाडता म्हणाली, "माह्यं खाली हाय." त्यानंतर तिने विषय काढला नाही. काढला असता तर गिरिधरला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीत गोविंदा भाऊबिजेला आला. जेवता जेवता त्याने सांगितलं, "भाऊजी, येत्या पावसाच्या आधी सांडव्याले दारं बसून राहिले. पानी दोन पुरुष चढन. मंग ते टेकडी बी गेली."

"त्या टेकडीवर जाता येते का आता?" गिरिधरने विचारलं.

"कशानं जाता? मासोळीच्या ठेक्याचं भांडण लागलं. ढिवरायनं डोंगे उचलून दुसऱ्या तलावावर नेले. चारी बाजूनं पानी."

देवकी वाढत होती. तिने गोविंदाच्या ताटात आणखी एक करंजी टाकली आणि आत गेली. गिरिधरने आपलं ताट स्वच्छ केलं. चोविसावी अकिती शेवटची होती, एवढं त्याला गणित न करता समजलं.

होडी करायची हे त्याला त्या दिवशी सुचलं नाही. ते आठ दिवसांनी भैयाजी वकिलांच्या ओसरीत सुचलं. भैयाजींनी मागच्या उन्हाळ्यात, गिरिधरकडे रांग आहे म्हणून, दुसऱ्याच कोणाकडून कुलर घेतला होता. तो वकिली खोलीत गळला, आणि मुलाने कॅनडातून पाठवलेली मासिकं खालच्या फळीवर भिजून एकमेकांना चिकटली. कुलर दुरुस्त करायला बोलावलेल्या गिरिधरला भैयाजी म्हणाले, "मिस्त्री, हा गठ्ठा जाताना उकिरड्यावर टाकून दे." गिरिधरने टाकायला उचलला आणि वरचं पान पाहून फाटकात उभा राहिला.

चित्रात एक माणूस लाकडाच्या लांब पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून एकाला एक चिकटवत होता. पुढच्या पानावर त्याच पट्ट्यांची लांबट, दोन्हीकडे निमुळती होडी झाली होती. वरून झाकलेली, बसायला दोन भोकं. इंग्रजी गिरिधरला येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि फूट-इंच कॅनडातही तेच होते. तो गठ्ठा घेऊन परत आत गेला.

भैयाजींनी चष्मा लावला. "याला कयाक म्हणतात. उत्तरेकडच्या बर्फातले लोक वापरतात. तुला काय करायचं आहे? नागपुरात बर्फ रसवंतीवर मिळतो."

"पाहून राहिलो," गिरिधर म्हणाला.

साच्याची मापं त्याने कुलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांवर उतरवली. आरामशीनवाल्याने सागवान काढून ठेवलं होतं, गिरिधरने शिवण मागितलं. शिवण हलकं, पाण्याने फुगत नाही, वाकवलं तर रुसत नाही. पाव इंच जाड आणि इंचभर रुंद अशा पट्ट्या कापून मागितल्यावर आरामशीनवाल्याने, हे कशासाठी, असं विचारलं. "कुलरसाठी," गिरिधर म्हणाला, कारण दुसरं काही सांगितलं असतं तर चहा पाजून सगळं विचारून घेतलं असतं.

त्याच्या घराची ओसरी पंधरा फुटांची होती आणि होडी सतरा फुटांची. उरलेले दोन फूट शेजारच्या कुसुमताईंच्या ओसरीत गेले. कुसुमताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि आपल्या हद्दीत आलेल्या गोष्टीबद्दल त्यांना सगळं माहीत असावं लागे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, हा पाळणा का? दुसऱ्या दिवशी, तिरडी तर नव्हे? तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ओळखलं आणि संपूर्ण गल्लीला सांगितलं. "गिरिधरभाऊ, तुम्हाला पोहता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"म्हनूनच त होडी करून राहिलो."

कुसुमताईंना हे उत्तर पटलं. त्या आपल्याकडच्या दोन फुटांवर कुरड्या वाळत घालू लागल्या.

देवकीने काही विचारलं नाही. तिने चार महिने त्या सतरा फुटांना वळसा घालून चूल, पाणी, झाडलोट केली. लांब पट्टी वाकवायची असली की ती दुसरं टोक धरायला येऊन उभी राहायची. पट्टी बसली, शिकंजा लागला, की आपल्या कामाला निघून जायची. हे नेमकं कुणासाठी चाललं आहे ते तिला सांगावं, असं गिरिधरला रोज वाटायचं. पण तेवीस वर्षं 'पुढच्या साली' म्हटलेल्या तोंडाने 'या साली' म्हणायचं त्याला धैर्य होईना. आधी होडी तयार व्हावी, मग बोलावं, असं ठरवून तो रंधा मारत राहिला.

चिकटवण्याच्या बाबतीत मात्र तो बाटला. सुताराचा सरेस पाण्यात सुटतो, हे त्याला माहीत होतं. हिंगण्याला प्लायवूडच्या कारखान्यात लाल भुकटी मिळते, ती कालवून लावली की पुन्हा सुटत नाही, असं कळल्यावर तो शिफ्ट सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि दोन डबे घेऊन आला. बापाच्या पिढीत सरेसाशिवाय कोणी लाकूड जोडलं नव्हतं. त्याने मनातल्या मनात बापाची माफी मागितली. पट्ट्यांवरून आत-बाहेर मांजरपाट ताणला आणि जवसाच्या तेलात राळ कढवून तिचे पाच हात दिले. आतून द्यायची त्याच्या हाताला सवय होती, बाहेरून द्यायची गरज होती. आठवडाभर गल्लीला कढल्या राळेचा असा वास सुटला होता की देवळातल्या पुजाऱ्यानेही चौकशी केली.

होळीला होडी झाली. गिरिधरने तिच्याभोवती दोनदा फिरून हात पुसले. मग गिरमिट घेतलं, होडीच्या तळाशी, पुढच्या बैठकीच्या पायाशी, सगळ्यात खोल जागी एक इंचाचं भोक पाडलं, आणि आतून चिंधी गुंडाळून बूच ठोकलं. हे त्याने विचार करून केलं, असं म्हणता येणार नाही. तेवीस वर्षांत त्याने पाण्याची अशी एकही वस्तू केली नव्हती जिच्या तळाला भोक नव्हतं. पाणी सोडायला वाट नको का?

वाट लगेच उपयोगाला आली. कारण होडी गळते की नाही हे पाहायचं होतं, आणि गिरिधरला ते पाहायची एकच रीत माहीत होती. त्याने होडी चार विटांवर ठेवली, खाली पेपर पसरले आणि सकाळी सात वाजता नळावरून बादल्या आणायला सुरुवात केली. देवकी आणत होती, तो ओतत होता. गल्ली जमा झाली. कोणीतरी म्हणालं, "गिरिधरभाऊ, फुटाळ्यावर नेऊन पाण्यात टाकून पाहा ना." गिरिधरने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "कुलर कोनी तलावात टाकून पाह्यते का गा?" त्याने पुढची बादली ओतली.

होडी काठोकाठ भरली. कुसुमताई शाळेत जाऊन परत आल्या, भैयाजी कोर्टातून येताना मुद्दाम थांबून पाहून गेले. संध्याकाळी गिरिधरने वाकून विटांमधले पेपर ओढले. ते कोरडे होते. आतलं पाणी जर बाहेर जात नाही तर बाहेरचं आत येणार नाही, हे गल्लीतल्या लहानथोरांना, एका वकिलाला आणि एका मुख्याध्यापिकेला एकाच वेळी पटलं. गिरिधरने बूच काढलं, पाणी नालीत सोडलं आणि बूच पुन्हा आतून ठोकलं.

मग कुलर सुरू झाले, आणि होडी ओसरीत उभी राहिली. अकिती पंधरा दिवसांवर आली तेव्हा भैयाजी घाईघाईने आले. त्यांच्या मुलीचं, प्रेमलताचं लग्न नेमकं अकितीचंच धरलं होतं. आठ कुलर पाहिजेत, आणि मिस्त्री दिवसभर मांडवात हजर पाहिजे. वऱ्हाड पुण्याचं होतं, त्यांना नागपूरचा उकाडा दिसता कामा नव्हता.

"कुलर देतो," गिरिधर म्हणाला. "मी येनार नाही."

"काहून?" वकील धक्क्याने धरमपेठेची भाषा विसरले.

"सासुरवाडीले जातो."

"तुझी सासुरवाडी तर बुडाली ना?"

"हो. तिथंच."

भैयाजी खूप बोलले. एवढ्या वर्षांचे संबंध, शब्दाची किंमत, पुण्याची माणसं. गिरिधरने सगळं ऐकून घेतलं. उन्हाळ्यात त्याने आजवर कोणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने आठही कुलर मांडवात लावले, चालवून दाखवले, आणि प्रत्येकावर दोन-दोन हातपंखे ठेवले. "बंद पडला त हे घ्या," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने देवकीला सांगायचं वाक्य जुळवलं. ते म्हणायला तो आत गेला तर चुलीजवळ नवी मातीची घागर पालथी घालून ठेवलेली होती. शेजारी गडवा, हळद-कुंकू, दोन आंबे आणि चिंचवणीची चिंच.

"केव्हा आनली घागर?" त्याने विचारलं.

"संक्रांतीले," देवकी म्हणाली. "तुमी पट्ट्या वाकवून राहिले होते तवा."

त्याचं वाक्य तसंच राहिलं.

अकितीला सकाळी टेम्पो आला. टेम्पो दहा फुटांचा होता, म्हणून मागे सात फूट होडी बाहेर आणि तिच्या टोकाला देवकीच्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी. धरणाच्या भिंतीशी गोविंदा उभा होता. नव्या वसाहतीतली पन्नासेक माणसं काठावर आली. होडी पाण्यात ठेवली, ती तरंगली. गिरिधर मागच्या भोकात बसला, देवकी घागर मांडीत घेऊन पुढच्या. वल्हं त्याने चित्र पाहून दोन तोंडांचं केलं होतं आणि महिनाभर ओसरीच्या कठड्यावर बसून हवेत मारून पाहिलं होतं. पाणी हवेपेक्षा जड असतं, हे त्याला तिथे समजलं. होडी आधी गोल फिरली. काठावर कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना टेकडी दिसत होती. मग होडी सरळ लागली.

अर्धं पाणी कापून झालं असेल. पुढून देवकी म्हणाली, "अवो, पाय भिजून राहिले."

"घागरीची असंन ओल."

"घागर रिकामी हाय."

गिरिधरने मान लांब करून पाहिलं. तिच्या पायांशी पाणी चकाकत होतं आणि त्यावर चिंधी गुंडाळलेलं बूच इकडून तिकडे हिंडत होतं.

गिरिधरने वल्हं आडवं धरलं आणि त्याला सगळं एकदम कळलं. तेवीस वर्षं त्याने पाणी आत ठेवलं होतं. आतलं पाणी बुचाला दाबतं. इथे पाणी बाहेर होतं, त्याने खालून बोट लावल्यासारखं बूच वर ढकललं होतं. पेपर कोरडे निघाले, वकिलांनी पाहिलं, गल्लीने पाहिलं, आणि बुचाला दुसरी बाजू असते, हे कोणालाच सुचलं नाही. तो घाबरला, साधासरळ घाबरला. त्याला पोहता येत नव्हतं. आणि त्याहून जास्त त्याला हे वाटलं, की तेवीस वर्षं हिला दारातच अडवली आणि चोविसाव्या वर्षी अर्ध्या पाण्यात आणून बुडवणार.

"देवकी," तो म्हणाला. नाव घेऊन हाक मारायची त्याची पद्धत नव्हती. "भोक म्याच पाडलं."

"कुठी हाय?"

"तुह्या पायाजवळ."

देवकीने पायाने चाचपलं, भोकावर टाच ठेवली आणि दाबून धरली. पाणी थांबलं. तिची टाच ताट्या भरताना जमिनीवर रेटून रेटून दगडासारखी झालेली होती. "वल्हवा तुमी," ती म्हणाली. मग तिने गडव्याने साठलेलं पाणी उपसून बाहेर टाकलं. त्याबरोबर होडी इतकी कलली की गिरिधर ओरडला. दुसरा गडवा तिने बाहेर टाकला नाही, मांडीतल्या घागरीत ओतला. तिसराही. गिरिधर खाली मान घालून वल्हं मारत राहिला.

थोड्या वेळाने गडव्याचा आवाज थांबला. देवकी मोहाच्या झाडाकडे पाहत होती, मग त्याच्या मागच्या टेकडीच्या खाचेकडे. "थांबा जरा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"मोह अन् ते टेकडीचं खांड एका ओळीत आले. इहीर इथंच होती." तिने खाली पाहिलं. होडीत जेमतेम गडवाभर पाणी राहिलं होतं. तिने टाच उचलली. पाणी बुडबुडत वर आलं. तिने शांतपणे आणखी तीन गडवे भरले, घागर गळ्यापर्यंत आली, मग टाच पुन्हा ठेवली. "सहा महिने मले एकच घोर होता," ती म्हणाली, "का घागर भरू कुठून. चाला आता."

टेकडीवर मातामायच्या ठाण्यासमोर देवकीने ती घागर मांडली. चिंचवणी ठेवली, आंबे ठेवले. आईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं. मग ती मोहाखाली बसून बराच वेळ रडली, आणि गिरिधर बाजूला बसला. तिला पाणी द्यावं तर जवळ नव्हतं, होतं ते घागरीत होतं. "तुह्या मायनं दाराकडे लय वाट पाह्यली असंन," तो शेवटी म्हणाला. "ते माह्यापायी."

"हो," देवकी म्हणाली. "तुमच्यापायीच." तिने डोळे पुसले. "अन् आज आलो ते बी तुमच्यापायीच."

परतताना गिरिधरने मोहाची एक वाळलेली फांदी तोडली, आंबा कापायच्या सुरीने तिचं बूच तासलं, होडी पालथी केली आणि बाहेरून दगडाने ठोकलं. येताना एक थेंब आत आला नाही. मांडवात तोवर दोन कुलर बंद पडले होते आणि पुण्याची माणसं हातपंखे सोबत घेऊन गेली होती, ही तक्रार भैयाजींनी त्याला पुढची पाच वर्षं ऐकवली.

गेट बसले. पाणी चढलं, टेकडी गेली, पुढच्या अकितीच्या आत मोहही आडवा होऊन दिसेनासा झाला. पण अकितीला गिरिधर वाढई मिळत नाही, हे धरमपेठेने हळूहळू मान्य केलं. कुलर पेटला तरी मिस्त्री उद्या येईल, असं लोक एकमेकांना सांगू लागले. काहींनी लग्नाच्या तिथीच पुढे ढकलल्या. कुसुमताई त्या दिवशी त्याचं घर सांभाळायच्या आणि कुरड्या काढून ठेवायच्या.

एकोणऐंशीच्या अकितीला ती दोघं पहिल्यांदा मोकळ्या पाण्यावर गेली. देवकी घागर धरून पुढे, गिरिधर मागे. खुणेला आता धरणाची भिंत आणि काठावरचा एक विजेचा खांब एवढंच होतं. गिरिधरने अंदाजाने वल्हं मारलं, थांबला, पुन्हा मारलं, आणि चारी बाजूंना सारखंच पाणी असलेल्या एका जागी होडी स्थिर केली. पंचवीस वर्षं ज्या दारात तो जाऊ शकला नव्हता, तिथे आपण पोचलो, असं त्याला वाटलं. त्याने वल्हं मांडीवर ठेवलं.

देवकीने खाली पाण्याकडे पाहिलं, मग मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"इथं काहून थांबले?" ती म्हणाली. "हे त आंगन होय. घरात घ्या."

गिरिधरने आणखी दोनदा वल्हं मारलं.